मामांनी मला सून करून घेतलं नाही

आईने मला शिकायला जळगावला मामांकडे पाठवलं, तेव्हा सगळ्यांना कारण एकच सांगितलं : पोरीला बीएस्सी करायची आहे, आणि सोय तिथेच होते. दुसरं कारण तिने तोंडाने कधी उच्चारलं नाही. पण ते आमच्या घरात आणि मामांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मला मामांच्या मुलाला द्यायचं, असं आईने मी पाळण्यात असल्यापासून ठरवून ठेवलं होतं.

आमच्याकडे यात काही वावगं नाही. मामाचा मुलगा म्हणजे घरातला मुलगा. मुलगी अनोळखी घरात पडत नाही, सासू म्हणजे मामीच असते, आणि आईचंही माहेरी येणं-जाणं टिकतं. माझी मोठी चुलत बहीण अशीच मामाच्या घरी दिलेली आहे आणि ती सुखात आहे. मलाही यात काही विचार करण्यासारखं आहे असं तेव्हा वाटत नव्हतं. लग्न व्हायचं ते तिथेच, एवढं मी धरून चालले होते.

आमचं गाव सोनगीरपासून आत आहे. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी आहे. आबा चौथी शिकलेले, आई सातवी. सायन्स घेऊन बारावी झालेली आमच्या घरात मी पहिलीच. खरं तर धुळे आम्हाला जवळ. निकाल लागल्यावर मामा मुद्दाम जळगावहून आले आणि मला व आबांना घेऊन धुळ्यातल्या देवपूरच्या एका कॉलेजात चौकशीला गेले. तिथे कळलं, की प्रॅक्टिकल पाच वाजेपर्यंत चालतात. आमच्या गावात येणारी शेवटची एसटी धुळ्याहून साडेचारला सुटायची. होस्टेलला ठेवायला आबा तयार नव्हते. कॉलेजच्या फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी आम्ही तिघे उभे राहिलो, आणि माझं शिक्षण त्या साडेचारच्या गाडीत अडकलं.

मामा रस पिऊन झाल्यावर म्हणाले, "दाजी, हिला माझ्याकडे जळगावला येऊ द्या. पिंप्राळ्यातून कॉलेजला सरळ रिक्षा मिळते."

आबांनी रसाचे पैसे दिले. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, तर आईने आनंदाने त्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा पापड लाटायला घेतले. मामांच्या घरी न्यायला.

मामांचं पिंप्राळ्यात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या विहिरीवरच्या, बोअरवेलच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांतली जुनी तार काढून मामा नवी भरतात. दहावीनंतर ते हेच शिकले. त्यांच्या अंगाला कायम वार्निशचा वास. तारेचे वेढे मोजत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हा घरातला एकच कडक नियम होता. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मामी म्हणायची, "लग्नात मंगळसूत्र घालतानासुद्धा हे मोजतच असतील."

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मामा मला स्कूटरवर सोडायला आले. मला वाटलं, फाटकापाशी सोडतील. ते आत आले. ऑफिसात गेले, मग प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभे राहिले. आतल्या मॅडमना विचारलं, "मॅडम, इथलं अर्थिंग बरोबर आहे ना? पोरं ओल्या हाताने बटणं दाबतात."

मामा स्वतःच आत शिरून बोर्ड पाहून आले, मान डोलावली, आणि मला म्हणाले, "ठीक आहे. शिक आता."

वर्गातल्या मुली मला पुढचे सहा महिने 'अर्थिंग' म्हणत होत्या. मी मामांवर चिडले होते. पुढे प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि पहिल्या दिवशी मी स्वतः बोर्ड तपासला, तेव्हा माझं मलाच हसू आलं.

आमच्या भागात भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पाया पडतो. लहानपणी याची मला फार मजा वाटायची. मोठी झाल्यावर लाज वाटायला लागली. पण परीक्षेच्या प्रत्येक दिवशी सकाळी मी चपला घालायला लागले, की मामा दुकानाचे काळे हात पँटला पुसत यायचे आणि वाकायचे. "मामा, राहू द्या ना." "तुझ्यासाठी नाही गं, माझ्यासाठी," असं म्हणून निघून जायचे.

पहिलं वर्ष छान गेलं. मला बासष्ट टक्के पडले. अडचण सुरू झाली ती दुसऱ्या वर्षी, आणि तीही प्रेमातूनच.

शेजारच्या काकूंनी मामीला विचारलं, "ही तुमची होणारी सून का?" मामी म्हणाली, "हो, अजून बोलणं व्हायचंय, पण घरचंच आहे." एकदा बाहेर बोलून झाल्यावर मामीच्या वागण्यात फरक पडला. दुष्टपणा अजिबात नव्हता. उलट ती मला जास्तच जवळ करू लागली. "शेवेची भाजी अशी करतात आमच्या घरात, बघून ठेव." "कळण्याची भाकरी तुझ्या हातची बघू." "पाहुणे येणार आहेत, आज नाही गेलीस कॉलेजला तर चालेल ना? पुढे तुलाच सगळं बघायचंय." मी नाही म्हणायचे नाही. ज्या घरात जेवतो तिथे नाही म्हणायचं नसतं, असंच मला शिकवलेलं होतं. मामांचा मुलगा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. आयटीआय करून एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत लागलेला. आधी आम्ही भांडायचो, टीव्हीच्या रिमोटवरून ओढाताण करायचो. तो आता माझ्यासमोर नीट शर्ट घालून बसू लागला. मीही खोलीत तो आला, की उठून जायचे.

पुढच्या वर्षी साखरपुडा उरकून घेऊ, असं मामी आणि आईचं फोनवर बोलणं चालायचं. लग्नानंतर कॉलेजचं काय, हे कुणी बोलत नव्हतं. मीही विचारत नव्हते.

रसायनशास्त्राचं जर्नल मागे पडलं. मॅडमनी सांगितलं, की शनिवारपर्यंत पूर्ण नसेल, तर प्रॅक्टिकलला बसू देणार नाही. घरात लिहायला बसलं की कुणी तरी हाक मारायचं. म्हणून एका दुपारी मी जर्नल घेऊन मामांच्या दुकानात गेले आणि मोटारींच्या मध्ये एका लाकडी खोक्यावर बसून लिहायला लागले.

मामा वेढे मोजत होते. त्यांचा आकडा पूर्ण झाला, तसं त्यांनी विचारलं, "घरी जागा नाही का?"

"आहे."

"मग?"

मी मान खाली घालून लिहीत राहिले. मामांनी तार दाताने तोडली, जर्नलची रिकामी पानं एकदा उलटून पाहिली, आणि पुन्हा कामाला लागले. शनिवारपर्यंत मी रोज तिथेच बसले. त्यांनी पुन्हा एका शब्दाने विचारलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी राखीपौर्णिमा आली. आई दरवर्षी मामांना राखी बांधायला जळगावला येते. पहाटे गावातून निघून धुळ्याला गाडी बदलून ती अकराला पोचली. येताना मामांसाठी राखी, मामीसाठी साडी, आणि माझ्या भावी नवऱ्यासाठी एक शर्टपीस. तिने मामांना ओवाळलं, राखी बांधली, नारळ दिला. नेहमीप्रमाणे दोघांनीही डोळे पुसले.

आई ताट घेऊन उठणार, तोच मामांनी शर्टच्या खिशातून कागदात गुंडाळलेली आणखी एक राखी काढली. मुलाला म्हणाले, "ये, बस पाटावर." आणि राखी माझ्यापुढे धरली. "बांध बेटा."

मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, हे काय?"

"राखी आहे. आज राखीच बांधतात."

आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. गावाकडच्या बोलीत ती हळू म्हणाली, "भाऊ, हाई काय शे?"

मामा तिच्याकडे बघेनात. माझ्याकडे बघत होते. मला सगळं कळलं होतं. राखी बांधली की ते लग्न कायमचं संपलं. बांधलेल्या राखीच्या पुढे आमच्याकडे कुणी जात नाही. आई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत अगदी स्पष्ट होतं, की हात मागे घे. मी फक्त म्हणायचं होतं, की मामा, आधी आईला विचारा. तेवढ्याने सगळं थांबलं असतं.

माझा हात हलेना. तेव्हा पाटावर बसलेला माझा मामेभाऊ मनगट पुढे करून म्हणाला, "बांध ना लवकर. माझी सेकंड शिफ्ट आहे."

मी बांधली. गाठ दोनदा सुटली.

आई जेवली नाही. मामीने पुरणपोळीचं ताट वाढून पुढे ठेवलं, तर म्हणाली, "माझी एकची गाडी आहे." शर्टपीस पिशवीतून तिने बाहेर काढलाच नाही. मी रिक्षापर्यंत मागे गेले. रिक्षात बसताना ती एवढंच म्हणाली, "त्याने सांगितलं ते सांगितलं. तू पण बांधलीस."

आठवड्याभरात आबांचा फोन आला. आबा फोनवर कमी बोलतात. "दिवाळीला येशील तेव्हा सामान घेऊन ये," म्हणाले.

"सगळं?"

"सगळं. सून करायची नाही, तर त्यांच्या घरात तरणी मुलगी कशासाठी ठेवायची? बठ्ठा लोके हासतीन." सगळे लोक हसतील, हेच त्यांना टोचत होतं. गावात आईने बऱ्याच जणींना सांगून ठेवलं होतं.

मामांनी आईला रोज फोन केला. ती उचलायची नाही. मामी मामांशी बोलत नव्हती, आणि तो सगळा राग माझ्या चहात साखर कमी टाकून काढत होती. मी मामांना विचारलं, "आईला आधी सांगायचं ना." ते म्हणाले, "सांगितलं असतं, तर ती रडली असती. ती रडली की मला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून." मग स्वतःच म्हणाले, "पण चुकलंच माझं. तिला चारचौघांत खाली बघायला लावलं."

मी मामांची बाजू घेऊन हे लिहिते आहे, तरी ही चूक लहान नव्हती, हे मला लिहायलाच हवं. माझ्या आईचा वीस वर्षांचा बेत त्यांनी तिला न विचारता, तिच्याच हातातल्या ताटासमोर मोडला.

दिवाळीच्या सुट्टीत मी सामान बांधलं. पुस्तकं एका पोत्यात, कपडे बॅगेत. भाऊबीजेच्या दिवशी मामा मला सोडायला स्वतः आले. एसटीत पुस्तकांचं पोतं त्यांनी पायांत धरलं होतं. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला शिकायचंय ना? की मीच उगाच?"

"शिकायचंय," मी म्हणाले. मला वाटतं, हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हणाले.

आबा गिरणीत होते. मामांना पाहून त्यांनी गिरणी बंद केली नाही. मामा त्या आवाजातच ओरडून बोलत राहिले. "दाजी, राखी बांधली म्हणूनच आता लोकांना बोलायला जागा राहिली नाही. ती भावाच्या घरी राहते आहे."

आबाही ओरडले, "लोकं तुमच्याकडे येत नाहीत बोलायला! माझ्याकडे दळण घेऊन येतात!"

दळणाला आलेल्या दोन बायका डबे धरून सगळं ऐकत होत्या. आबांना ते दिसलं आणि त्यांनी गिरणी बंद केली. मग सगळे घरात आलो.

आई चुलीपाशी होती. भाऊबीजेचं ताट तिने तयार केलेलं नव्हतं. मामा जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माय, ओवाळणार नाहीस का?" मामा आईला मायच म्हणतात.

आईने आधी चुलीतली लाकडं मागे ओढली. मग पदराने हात पुसत समोर येऊन उभी राहिली. "ओवाळणीत काय देशील?"

"तू सांग."

"मनी पोर घरनी घरमा जाणार व्हती. ते तू तोडं." माझी पोर घरच्या घरात जाणार होती, ते तू तोडलंस. "आते ओवाळणीमा माले हिनी डिग्री पाहिजे. अर्धामा सोडी दिधी तं मना दारले येवानं नही." अर्ध्यात सोडली, तर माझ्या दारात यायचं नाही.

आबा चकित होऊन तिच्याकडे बघत राहिले. ते म्हणाले, "अगं, सामान आणलंय तिने."

"नेईल परत," आई म्हणाली. आणि मग मामांवर आवाज चढवून, "आणि भांडी घासायला लावलीस ना, तर मी तिथे येऊन बसेन."

"मी स्वतः घासेन," मामा म्हणाले.

"तू? तू मोजत बसशील."

त्यावर आबा हसले. ताट आलं. आईने ओवाळलं, पण मामांच्या तोंडात साखर न घालता हातावर दिली. तिचा राग गेला नव्हता. तो जायला आणखी दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, माहेरी गेली नाही. झोके, गाणी, सगळ्या बहिणींची वर्षभराची वाट, ते सगळं तिने सोडलं. माझ्या शिक्षणात हा तिचा वाटा आहे. कुणी विचारलं, की तुझ्या शिक्षणासाठी कुणी काय केलं, तर मी मामांच्या आधी हे सांगते.

पोतं पुन्हा जळगावला गेलं. मामी सहा-सात महिन्यांत निवळली. मामांनी भांडी काही घासली नाहीत, पण संध्याकाळी सात ते नऊ मला कुणी हाक मारायची नाही, असा घरात दुसरा कडक नियम झाला. तो मोडला की मामा मामीला म्हणायचे, "ओवाळणी द्यायची बाकी आहे माझी." बीएस्सीचा निकाल मोबाइलवर आला, तेव्हा मी दुकानात होते. मामा वेढे मोजत होते. मी पहिल्यांदाच नियम मोडून मध्येच बोलले, "मामा, फर्स्ट क्लास." ते थांबले. एकशे चाळीसच्या आसपास कुठे तरी मोजणी सुटली. त्यांनी ती सगळी तार सोडली, फोन उचलला आणि आईला लावला. आईने पहिल्याच रिंगला उचलला.

मी आता धुळ्यात माती आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. माझं लग्न माझ्या पसंतीने, आई-आबांच्या संमतीने झालं. मला मंडपात मामांनीच आणलं.

एक प्रश्न मात्र बरीच वर्षं माझ्या मनात राहिला होता. मला वाटायचं, की शिक्षणच करू द्यायचं होतं, तर मामा सरळ मामीला सांगू शकत होते, की लग्न डिग्रीनंतर. माझ्यात काही कमी होतं का? आम्ही त्यांच्या तोलाचे नव्हतो का? गेल्या वर्षी मी त्यांना हे विचारलं. दुकानात आम्ही दोघेच होतो.

मामा म्हणाले, "तुझा मामा असताना मी कॉलेजात जाऊन अर्थिंग बघतो. सासरा असतो तर बघितलं असतं का?"

"का नसतं?"

"नसतं गं. सासरा झालो असतो, तर पहिला मीच म्हणालो असतो, की सून दुपारी घरी पाहिजे. मामीचं सोड, मला माझीच खात्री नव्हती. भाचीचं ऐकणारा माणूस सुनेचं ऐकतोच असं नाही. मी माझ्या वडिलांना बघितलंय."

मला ते पटलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही तसे नाही." ते म्हणाले, "वहिनीला विचार."

माझ्या मामेभावाची बायको, माझी वहिनी, बारावीला सत्तर टक्के मिळवून या घरात आली होती. पहिल्या वर्षाला नाव घातलेलं होतं तिने. लग्नानंतर ते सुटलं. कुणी बंद कर म्हणालं नव्हतं, कुणी जा असंही म्हणालं नव्हतं. त्या घरात संध्याकाळी सात ते नऊ तिला सगळेच हाक मारत होते, आणि त्या हाका मारणाऱ्यांत मामाही होते. इतकी वर्षं मी तिथे जात-येत होते, आणि डोळ्यांसमोर असून हे मीही पाहिलं नव्हतं. वहिनीच्या हातचा चहा पिऊन मी परत येत होते.

मामा मान खाली घालून तार गुंडाळत होते. स्वतःबद्दल त्यांनी मला खरं सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं होतं, याचं त्यांना वाईट वाटत होतं. माझी त्यांच्यावरची माया त्याने कमी झाली नाही. उलट वाटलं, की स्वतःला इतकं ओळखून ज्या माणसाने मला स्वतःपासूनच वाचवलं, त्याचे उपकार मी आजवर निम्मेच ओळखले होते.

त्या दिवशी मी वहिनीला घेऊन मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर गेले. बीएचा फॉर्म भरला. ती सारखी म्हणत होती, "ताई, घरी विचारायला हवं होतं." मी म्हणाले, "घरी मी सांगते." परत आल्यावर मामीसमोर, मामेभावासमोर फॉर्मची पावती मी टेबलावर ठेवली. मामी काही बोलण्याआधी सगळे मामांकडे बघायला लागले.

मामांनी चष्मा लावला. पावती नीट वाचली, दोन्ही बाजूंनी. वहिनी तिच्या लहान पोराला कडेवर घेऊन दाराशी उभी होती.

"परीक्षा सकाळची की दुपारची?" त्यांनी तिलाच विचारलं.

"दुपारची असते म्हणतात, मामंजी."

"मग दुपारी पोराला दुकानात सोडत जा माझ्यापाशी," मामा म्हणाले. "मोजणी चुकली तर चुकली."